अकरा वह्या आणि एक ताजा कलम

या वेळचं पत्र करी रोडहून आलंय. लिहिणाऱ्या बाई ५८ वर्षांच्या आहेत. पत्र टपालाने आलं, सात पानी, सोबत वह्यांच्या तीन पानांच्या झेरॉक्स. सगळं छापण्याएवढी जागा नाही, म्हणून त्यांच्याच शब्दांत, पण थोडं आटोपून:

‘वडील गिरणीत होते. मी १९८६ पासून चांगली वाक्यं वहीत उतरवते. कॅलेंडरच्या मागची, पेपरातल्या चौकटीतली, कीर्तनात ऐकलेली, टेम्पोच्या पाठीवरची, मंडळाच्या फळ्यावरची. अलीकडे बहुतेक मोबाइलवर आलेली. दोनशे पानी अकरा वह्या झाल्या. चालू वही हाताशी असते, बाकीच्या दहा माळ्यावर. गेल्या वर्षी हे गेले. परळला एका मोठ्या हॉस्पिटलात एकवीस दिवस होते. वही बरोबर नेली होती. रात्री बाहेरच्या बाकड्यावर बसून पानं उलटायचे, पण एक ओळ उपयोगी पडली नाही. सगळं खोटं वाटलं. परवा मुलगा म्हणाला, “आई, या अकरा वह्यांत तुझं स्वतःचं एक तरी वाक्य आहे का?” चिडून नाही, सहज म्हणाला, म्हणून जास्त लागलं. नव्या इमारतीत आलो तेव्हापासून जागेची अडचण आहेच. वह्या रद्दीत घालू का? सोसायटीच्या ग्रुपवर मी रोज सकाळी साडेसहाला सुविचार टाकते, तर सेक्रेटरींनी लिहिलं, “इथे फक्त पाणी, लिफ्ट आणि मेंटेनन्स.” मी जन्मभर दुसऱ्यांच्याच शब्दांवर जगले का, असं वाटायला लागलंय.

ता. क. तिथे वॉर्डात एक मावशी होत्या. एकदा सकाळी सातला पाळीवर आल्या आल्या माझ्या हातात कप दिला नि म्हणाल्या, “बाई, आधी चहा प्या. रडायला पण ताकद लागते.” फार बरं वाटलं होतं. दुपारी तीनला पाळी सुटली तरी जाताना एक चक्कर मारून जायच्या. पण ते काही सुविचार नव्हे, म्हणून वहीत लिहिलं नाही.’

ताई,

रद्दीचं आधी सांगून टाकते: घालू नका. निदान हे उत्तर वाचून होईपर्यंत तरी थांबा. आणि जागेचंच म्हणाल तर अकरा वह्या एकावर एक ठेवल्या तरी हातभर उंची भरायची नाही. पाहुण्यांसाठी म्हणून ठेवलेल्या आणि कधीच न काढलेल्या कपबश्या याहून जास्त जागा अडवतात. माझ्याकडे तरी अडवतात.

तुमचं पत्र वाचण्याआधी मी झेरॉक्स बघितल्या. जुनी खोड आहे. परळ भागात पालिकेच्या शाळेत ३१ वर्षं शिकवलं, त्यामुळे कागद हातात आला की मजकुराआधी अक्षर बघते. तुमचं छान आहे. पहिल्या वहीचं पहिलं पान, मार्च १९८६, आणि त्यावर ठसठशीत अक्षरात पहिलंच वाक्य: प्रयत्नांती परमेश्वर.

मी नाक मुरडलं. कबूल करते. हे वाक्य मी फळ्यावर मुलांकडून किती वेळा लिहून घेतलं असेल त्याला गणती नाही. आमच्याकडे ‘आजचा सुविचार’ लिहायची पाळी असायची. मुलं गेल्या महिन्यातलंच वाक्य पुन्हा उतरवायची आणि प्रार्थनेची घाई असल्यामुळे मीही चालवून घ्यायचे. एकदाच एका मुलीने गडबड केली. तिला ऐन वेळी काही आठवेना, म्हणून तिने लिहिलं, ‘नळाला पाणी आलं की आधी आजीला उठवा.’ वर्ग खिदळला. मी ते पुसायला लावलं आणि तिथे ‘सत्यमेव जयते’ लिहून घेतलं. तिच्या चाळीत पाणी पहाटे साडेतीनला यायचं, आई रात्रपाळीला, नळाशी हंडे लावणारी एकटी आजी, हे मला पुढे पालकसभेत कळलं. इतक्या वर्षांत फळ्यावर आलेल्या सुविचारांपैकी कोणी आणि का लिहिला हे सांगता येईल असा मला तो एकच आठवतो. आणि तोच मी डस्टरने पुसला होता.

तर तुमचं ते पान मी बाजूला ठेवणार, तेवढ्यात समासात पेन्सिलीचं काहीतरी दिसलं. झेरॉक्समध्ये अगदी फिकट आलंय. खिडकीशी नेऊन वाचलं: ‘अण्णांचा पास निघाला. अंधेरी. वॉचमन.’

आता तुम्हाला हे नवीन नाही, पण वाचणाऱ्यांसाठी सांगते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप संपला असं रीतसर कधी कोणी जाहीर केलंच नाही. मला तो हजेरीपटावर दिसायचा. आधी मुलांचे डबे बंद झाले, मग नव्या वह्या, आणि मग एकेक नाव गळायला लागलं. ‘गावाला गेला’ एवढाच शेरा मारायचे मी नावापुढे. कोणी कोकणात, कोणी साताऱ्याकडे. जे राहिले त्यांचे वडील भाजी विकत होते, वॉचमनकी करत होते, नाहीतर नुसतेच जिन्यात बसलेले असायचे.

गिरणगावातल्या माणसाला रेल्वेचा पास कशाला लागेल? भोंगा झाला की चप्पल घालायची आणि चालत गेटवर. संप फिसकटला, नोकरी गेली, आणि चार वर्षांनी तुमच्या वडिलांनी, अण्णांनी, पास काढला. बहुधा आयुष्यातला पहिला. करी रोडहून चालत लोअर परळ, तिथून अंधेरीची गाडी. त्या दिवशी अठरा वर्षांच्या मुलीने नवी वही काढली आणि शाळेत शंभरदा लिहिलेली, गुळगुळीत झालेली म्हण पहिल्या पानावर लिहिली. म्हण तीच, पण त्या पानावर ती घरची बातमी होती. मी नाक मुरडलं ते परत घेते.

दुसरी झेरॉक्स चौथ्या वहीची. कीर्तनातून उतरवलेल्या ओळी, ‘मन करा रे प्रसन्न’खाली दोन रेघा, आणि समासात पुन्हा पेन्सिल: ‘बाबूचा ताप १०३. पहाटे ४ ला घाम फुटला.’ बाबू म्हणजे ‘तुझं स्वतःचं एक तरी वाक्य आहे का’ असं विचारणारे चिरंजीवच असावेत. असतील तर हे पान त्यांच्यासमोर ठेवा आणि स्वयंपाकघरात निघून जा. काही बोलायचं नाही.

तिसरी अकराव्या वहीची. अक्षर सगळ्यात सुबक याच पानावर. वाक्यांना क्रमांक, लाल पेनाने अधोरेखन, एका पानावर चौदा वाक्यं. त्यातली पाच ‘आयुष्य म्हणजे’ने सुरू होतात. आणि समास पांढराफटक. तारीख नाही, कोणाकडून आलं ते नाही, त्या दिवशी घरात काय शिजत होतं, कोण रुसलं होतं, कशाचा पत्ता नाही. हॉस्पिटलात तुमच्याजवळ होती ती हीच. माळ्यावरच्या दहांपैकी एखादी असती तर काय झालं असतं ते मी सांगू शकत नाही. कदाचित तीही मिटून ठेवली असतीत. पण निदान अण्णा तरी भेटले असते तिच्यात. अकराव्या वहीत, बाकड्यावर बसलेल्या तुमच्या ओळखीचं कोणीच नव्हतं.

आता ताजा कलम.

सात पानांत मी सगळ्यात जास्त वेळ तिथे थांबले. ‘रडायला पण ताकद लागते.’ त्या मावशींनी हे कुठे वाचलेलं नसणार. त्या वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर त्यांनी किती जणींना रात्र काढताना बघितलं असेल. कोण उपाशी राहिली, कोणाला नेमकं निरोप आला त्या क्षणी चक्कर आली, कोणाला धरून खाली न्यावं लागलं. एवढ्या सगळ्यातून ते एक वाक्य निघालंय. शिवाय बोलण्याआधी त्यांनी कप हातात दिलाय. नुसतं वाक्य बोलून त्या निघून गेल्या असत्या तर तुम्हाला ते आज आठवलंही नसतं.

आणि तुम्ही म्हणता, ते काही सुविचार नव्हे! ताई, हे तुम्हाला कोणी शिकवलं असेल तर माझ्यासारख्या बायकांनी, हातात डस्टर घेऊन. सुविचार म्हटला की त्याला तत्सम शब्द हवेत, खाली थोरामोठ्याचं नाव हवं, शक्यतो ते थोर दिवंगत हवेत. पोलक्याला हात पुसत बोललेलं वाक्य आपण कानाआड करतो. मी पुसलं, तुम्ही लिहिलं नाहीत. आपण दोघी एकाच माळेचे मणी.

मुलाच्या प्रश्नाचं मात्र पुरतं उत्तर द्यायला हवं, कारण प्रश्न चांगला आहे. त्याला एक गोष्ट सांगा. लांबची नाही, आपल्या परळचीच आहे.

३१ जानेवारी १९२० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केलं. पाक्षिक होतं ते. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. बाबासाहेब तेव्हा २८ वर्षांचे, कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले, सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक. स्वतःचं वाक्य सुचत नव्हतं म्हणून दुसऱ्याचं घ्यावं, अशी त्यांची गत खासच नव्हती. तरी पाक्षिकाच्या माथ्यावर त्यांनी छापलं ते तुकोबांचं:

काय करू आता धरूनिया भीड । निःशंक हे तोंड वाजविले ॥
नव्हे जगी कोणी मुकियांचा जाण । सार्थक लाजून नव्हे हित ॥

भीड धरून बसलो तर मुक्याचं या जगात कोणी नाही, लाजून काही हिताचं होत नाही. म्हणून तोंड उघडलं. देहूत कधीतरी म्हटली गेलेली ओळ, पावणेतीनशे वर्षं वारीत, कीर्तनात, गाथेत फिरत होती. हजारोंनी ती म्हटली असेल. पण ‘मुकियांचा’ या शब्दावर बोट ठेवून, ज्यांना तोंडच उघडू दिलं नव्हतं त्यांच्या पत्राच्या कपाळावर ती बसवणं, हे सुचलं कोणाला?

पुढे ३ एप्रिल १९२७ ला त्यांनी ‘बहिष्कृत भारत’ काढलं. या खेपेला ज्ञानेश्वरीतली ओवी: ‘आता कोदंड घेऊनि हाती । आरूढ पां इये रथीं.’ धनुष्य उचल आणि रथावर चढ, असं कृष्ण अर्जुनाला सांगतोय. आता तारीख बघा. महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं तो दिवस २० मार्च १९२७. मधे बरोबर चौदा दिवस. बोलायची वेळ होती तेव्हा तोंड वाजवण्याची ओळ, आणि लढाईला तोंड फुटलं तेव्हा रथावर चढण्याची. दोन्ही ओळी दुसऱ्यांच्या. आता यात बाबासाहेबांचं स्वतःचं काय, असं चिरंजीवांना विचारून बघा.

(विचारताना आवाज चढवू नका. आजकालची मुलं आवाज चढला की विषय सोडून आवाजावरच बोलतात.)

तुमच्या अठराव्या वर्षीच्या त्या म्हणीची आणि या ओव्यांची बरोबरी करायची नाही मला. पण रीत तीच आहे: ओळ बाहेरची, दिवस आपला. जिथे समासात पेन्सिल आहे तिथे तुमचं स्वतःचं आहे, आणि जिथे समास कोरा आहे तिथे मुलाचं म्हणणं बरोबर आहे. दोन्ही मान्य करायला हरकत नाही.

आणि उतरवून घेणं हे दुय्यम काम आहे, असं मनात आणू नका. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर त्यांना गाणी सुचायची. ती त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि नात्यातल्या एका तरुणाने वहीत उतरवली. बहिणाबाई डिसेंबर १९५१ मध्ये गेल्या. गाणी पुस्तक होऊन आली १९५२ मध्ये, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. कोणीतरी वही-पेन्सिल घेऊन त्यांच्याशी बसलं नसतं तर ती गाणी चुलीच्या धुराबरोबर गेली असती. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे संताजी जगनाडे तेलाच्या घाण्याचा धंदा करायचे. लिहून ठेवणारी माणसं अशीच असतात, दुसरं काहीतरी काम करून घरी आलेली.

एका बाबतीत मात्र कान टोचते. पत्रात तुम्ही तुमची आवडती पाच वाक्यं दिलीत, त्यांतलं एक गांधीजींच्या नावावर लिहिलंय: जगात जो बदल हवा तो आधी तुम्ही स्वतः व्हा. असंच्या असं वाक्य त्यांच्या लेखनात सापडत नाही. १९१३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत असताना त्यांनी ‘इंडियन ओपिनियन’मध्ये जवळपास जाणारं लिहिलंय, की आपण स्वतःला बदलू शकलो तर जगातल्या प्रवृत्तीही बदलतील. यात हुकूम नाही, फेसबुकवर चिकटवण्याजोगा खटका नाही, म्हणून कोणीतरी कापून-शिवून सुटसुटीत केलं. पुलंच्या आणि वपुंच्या नावावर मोबाइलमधून जे फिरतं त्यातलं कितीतरी त्या दोघांनी बापजन्मात लिहिलेलं नाही. तुमच्या पाचांतलं चौथं मला तसलंच वाटतं, भाषाच सांगते. वाक्य आवडलं तर ठेवा की, पण खाली ‘ऐकलेलं’ एवढं लिहा. गांधीजी १९१७ ते १९३४ मुंबईत आले की गावदेवीच्या मणिभवनात उतरायचे. तिथे ग्रंथालय आहे. एखाद्या दुपारी जाऊन या. एक वाक्य शोधायला गेलेला माणूस तिथून चार दुसरीच घेऊन परत येतो.

‘सगळं खोटं वाटलं’ असं तुम्ही लिहिलंत, त्याबद्दल मला वह्यांपेक्षाही जास्त बोलायचंय, पण थोडक्यात बोलते. माझा थोरला भाऊ गेला तेव्हा गल्लीच्या तोंडाशी मंडळाच्या फळ्यावर रंगीत खडूने लिहिलं होतं, ‘जो आवडतो सर्वांना, तोचि आवडे देवाला.’ गिरणगावात कोणीही गेलं की हेच येतं, तुम्हालाही पाठ असेल. फळ्याचं मला काही वाटलं नाही. उलट त्या पोराने ‘श्रद्धांजली’तल्या ‘श्र’ला किती छान वळण दिलंय, तेच बघत उभी राहिले. पण संध्याकाळी एका नातेवाईक बाईंनी फोनवर तेच वाक्य मला ऐकवलं तेव्हा फोन भिंतीवर आपटावासा वाटला. त्याचं वय ४९ होतं आणि मला तो देवापेक्षा जास्त हवा होता. चार वर्षांनी कुर्ल्याला एका मैत्रिणीकडे भेटायला गेले, काय बोलावं सुचेना, आणि माझ्या तोंडून हुबेहूब तेच वाक्य बाहेर पडलं. तिचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. तेव्हा तुम्हाला हॉस्पिटलात वाक्यं खोटी वाटली यात तुमचं काही बिघडलेलं नव्हतं. अशा वेळी चहाच लागतो.

आणि म्हणूनच सेक्रेटरींचं बरोबर आहे. चिडू नका. सकाळी साडेसहाला सगळ्या सोसायटीला एकच वाक्य पाठवायचं म्हणजे दवाखान्यात आलेल्या प्रत्येकाला रांगेत उभं करून एकच गोळी देण्यासारखं आहे. कोणाच्या घरी दहावीचा निकाल, कोणाच्या घरी कर्जाचा हप्ता, कोणाचं रात्री भांडण झालेलं. त्यापेक्षा महिन्यातून एखादंच वाक्य, एकाच माणसाला, त्याच्या कारणाने पाठवा. शक्य झालं तर लिफ्टमध्ये भेटल्यावर तोंडीच सांगा. चौदाव्या मजल्याहून खाली येईपर्यंत वेळ पुरतो.

आता वह्यांचं. दहाही माळ्यावरून काढा, मुलालाच काढायला सांगा. रोज एक, संध्याकाळी मालिका सुरू होण्याआधी, आणि हातात पेन्सिल. तो लाल पेन बाजूला ठेवा. वाक्य चांगलं की वाईट हे तपासू नका. फक्त एवढंच बघा की ते लिहिलं तो दिवस आठवतो का. आठवला तर समासात तीन-चार शब्द: कोण होतं, काय झालं होतं. नाही आठवला तर पुढे चला, खोडायचं नाही. पहिल्या वहीत वीसेक जागा सापडतील असा माझा होरा आहे, अकरावीत बहुधा एकही नाही. अकरावीचं वाईट वाटून घेऊ नका. ती पाच-सहा वर्षं तुम्ही औषधं, रिपोर्ट आणि इमारतीच्या पुनर्विकासाच्या मीटिंगा यांत काढलीत. पत्राच्या पहिल्या दोन पानांवर तेच आहे. समासात लिहायला सवड कुठे होती?

मग बारावी वही घ्यायची असेल तर जरूर घ्या. एक पथ्य पाळा: ओळ कोणाच्या तोंडून आली आणि तुम्ही तेव्हा कुठे होतात हे लिहिता येत नसेल तर ओळ लिहायची नाही. आठवडाभर पान कोरं राहिलं तरी चालेल. भाजीवाली, लिफ्टमन, दादर फास्टच्या लेडीज डब्यातल्या बायका, सगळ्या चालतील. त्या डब्यात मी निवृत्त होईपर्यंत जेवढं ऐकलं तेवढं बी.एड.ला ऐकलं नाही.

थोरामोठ्यांचं वाचूच नका असं मात्र मी म्हणत नाहीये. उलट जरा जास्त वाचा. तुमच्याकडे ‘मन करा रे प्रसन्न’ची एक ओळ आहे; तिचं गाव बघून या. तुमच्यापासून नायगावचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय काही लांब नाही. १८९८ सालची संस्था आहे. तिथे गाथा मागा. साडेचार हजारांच्या आसपास अभंग आहेत, सगळे वाचायला कोणी सांगितलंय. तो एक अभंग शेवटपर्यंत वाचा, मग त्याच्या आगेमागचे दहा. तुकोबा सदा प्रसन्न होते असा तुमचा समज असेल तर तो पहिल्याच बैठकीत जाईल. देवाला ते जे काही बोललेत ते कोणत्याही सोसायटीच्या ग्रुपवर चालायचं नाही. मला स्वतःला ते राग आलेले तुकोबा कठीण दिवसांत जास्त कामी आले. प्रसन्न असलेले पुढे कधीतरी, बऱ्याच महिन्यांनी.

बाराव्या वहीच्या पहिल्या पानावर काय यावं हे तुम्हीच ताज्या कलमात लिहून पाठवलंय. फक्त त्याखाली नाव हवं, आणि ‘वॉर्डातल्या मावशी’ हे नाव झालं नाही. तीनला त्यांची पाळी सुटते असं तुम्ही म्हणता. तेव्हा एखाद्या दिवशी अडीचला घरून निघा, गेटपाशी थांबा, आणि या खेपेला चहा तुम्ही पाजा.